कार्डं खराब नव्हती, काकाजी

काकाजी, कार्डं खराब नव्हती. एकही नाही. साही शाबूत होती, आजही आहेत, आणि हे मला तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी सकाळी कळलं. इतक्या उशिरा शहाणं होण्यात काही शोभा नाही. पण तुमची ज्योत्स्ना कशी आहे ते तुम्हाला माहीत होतं. तिचं डोकं आधी तापतं, मग चालतं.

पुंडलिकभाऊंनी मला विहाराच्या फलकासाठी तुमच्यावर चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. जन्म, नोकरी, निवृत्ती, मागे कोण कोण. विहार समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांना तेच हवं. मी कागद घेऊन बसले आणि पहिल्याच ओळीला अडले, कारण मला तुमच्याशी बोलायचं होतं, तुमच्याबद्दल नाही. तुम्ही टेलिफोन खात्यात लाइनमन होता, लाखांदूर ते पवनीच्या मधल्या कुठल्या बोडी-तळ्याच्या पाळीवर कुठला खांब कलला होता हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं, हे गावाला ठाऊक आहे. आपलं भांडण मात्र गावाला अर्धंच ठाऊक आहे. त्यातलं माझं शहाणपण सगळ्यांनी पाहिलं, माझी चूक कोणी पाहिली नाही. म्हणून हे लिहिते. अभ्यासिकेतल्या मुलीही वाचतील, तेव्हा तुम्हाला माहीत असलेलंही थोडं पुन्हा सांगावं लागेल. तेवढं चालवून घ्या.

विहारातल्या अभ्यासिकेतले ते सहा संगणक नागपूरच्या एका ऑफिसने काढून टाकलेले. टेम्पोत तुम्ही पुढे बसला नाहीत. मागे संगणकांजवळ बसलात आणि खड्डा आला की दोन्ही हातांनी मॉनिटर धरत आलात. गावात उतरलात तेव्हा धुळीने तुमच्या भुवयाही पांढऱ्या झाल्या होत्या. संगणकांची मूळची नेट जोडायची जागा जळालेली होती, म्हणून तुम्ही प्रत्येकात वेगळं नेटवर्क कार्ड बसवलंत. मी पवनीच्या शाळेत संगणक शिकवते, माझ्याकडे डिप्लोमा आहे, त्यामुळे आतला कारभार माझा आणि तारा, खिळे, स्क्रू तुमचे अशी वाटणी झाली. मी प्रत्येक संगणकावर दोन ऑपरेटिंग प्रणाल्या टाकल्या. एक टायपिंगच्या परीक्षेसाठी, कारण ते सॉफ्टवेअर तिच्यावरच चालतं. दुसरी फुकटात मिळणारी, नेटसाठी, कारण तिच्यात व्हायरस सहसा शिरत नाही. संध्याकाळी मुली पहिलीवर टायपिंगचा सराव करायच्या आणि सकाळी दुसरीवर नेट लावून तास ऐकायच्या, प्रश्नपत्रिका सोडवायच्या. हे वेळापत्रक माझं होतं आणि मला त्याचा फार अभिमान होता.

साठी उलटल्यावर तुम्ही संगणक शिकायला बसलात. कंटाळा तुम्हाला माहीत नव्हता, मला मात्र भरपूर होता. नेट सुरू होताना नक्की काय होतं, असं तुम्ही पहिल्या आठवड्यात विचारलंत. मी सांगितलं की कार्ड आपणहून काही करत नाही, त्याला कामाला लावायला ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. संगणक चालू झाला की ड्रायव्हर कार्डाचं नाव घेतो, कार्डाने ओ द्यायची, मग पुढचं काम. शाळेत हजेरी घेतात तसं.

"अन् पोट्ट्यानं ओ नाई देल्ली तं?" तुम्ही विचारलंत.

गैरहजर, मी म्हणाले.

"समोर बसून दिसते तरी?"

तरी, मी म्हणाले. तुम्ही खूप हसलात. म्हणालात, हा तर तुझ्या शाळेचा कायदा झाला, आमच्या खात्यातला लाइनमन असता तर त्याने आधी त्या पोराला ताप आहे का ते पाहिलं असतं. मला त्या वेळी ते नुसतं गमतीचं वाटलं.

तुमची काम करायची रीत वेगळी होती. तक्रार करणारा काय सांगतो त्यावर तुमचा विश्वास नसे. तो खोटं बोलतो म्हणून नाही. त्याला त्याच्या टोकाचंच दिसतं म्हणून. तुम्ही तारेवर हात ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचात, खोली बारा पावलांची असली तरी. आणि संध्याकाळी जाताना मेन स्विच खाली ओढायचात. कधी चुकला नाही. नोकरीत एकदा वीज पडून एक्स्चेंजमधली यंत्रांची आख्खी रांग जळाली होती, तेव्हापासूनची सवय. मी चिडवायचे की हा संगणक आहे, धानाच्या बांधीवरचा मोटारपंप नाही. तुम्ही हो हो म्हणायचात आणि स्विच ओढायचात.

मग पुंडलिकभाऊंच्या खटपटीने अभ्यासिकेला इन्व्हर्टर मिळाला. आता लाइट गेली तरी तास बुडणार नव्हता. संगणकांची जोडणी मी थेट इन्व्हर्टरवरून करून घेतली, त्यामुळे तुमचा मेन स्विच खाली ओढला तरी त्यांना वीज मिळत राहिली. तुम्ही इन्व्हर्टरही संध्याकाळी बंद करू लागलात, तर मी त्यावर ठळक अक्षरात कागद डकवला: बंद करू नये. खाली माझं नाव. सारखं बंद-चालू केलं तर बॅटरी बिघडते, असं मी कुठेतरी ऐकलं होतं, आणि ऐकलेलं मी शिकल्यासारखं सांगते.

तुम्ही कागद वाचलात, चष्मा काढलात. "रातभर त्यायले लाइन कायले पायजे? झोपू दे ना त्यायले."

मी म्हणाले की ते झोपलेलेच असतात, मी स्वतः पडद्यावरून बंद करून जाते. तुम्ही वाद घातला नाहीत. तुमचं हे एक वाईट होतं, समोरचा ठामपणे बोलला की तुम्ही गप्प व्हायचात. माझ्यासारख्या बाईला ते जिंकल्यासारखं वाटायचं.

त्याच आठवड्यात दुखणं सुरू झालं. एका सकाळी तीन संगणकांवर नेट नाही. दुसऱ्या सकाळी चार. मग दोन, मग पाच. मुली सहाच्या ठोक्याला येऊन बसायच्या आणि पडद्यावर तीच ती ओळ दिसायची: कार्ड सापडलं, सुरू करता आलं नाही. कार्ड होतं, ड्रायव्हर होता, तार ठीक होती, पण ड्रायव्हरच्या हाकेला कार्ड ओ देत नव्हतं. त्यांच्यातल्या पूजाची परीक्षा तोंडावर होती. ती रोज मान खाली घालून वाट पाहायची आणि साडेसातला पुस्तक घेऊन घरी जायची. तिची ती मान मला दिवसभर शाळेत दिसत राहायची, आणि मग मी माझ्या वर्गातल्या पोरांवर खेकसायचे.

मी माझ्या परीने सगळं केलं. ड्रायव्हर काढला, पुन्हा टाकला. नवा काढून जुना टाकला. एका संगणकावरची आख्खी प्रणालीच पुसली आणि नव्याने घातली. कधी चालायचं, कधी नाही. आदल्या संध्याकाळी ज्या संगणकावर कोणी टायपिंग केलं नव्हतं तो सकाळी सुरळीत चालायचा, हे मी लिहून ठेवलं असतं तर दोन दिवसांत दिसलं असतं. वर्गात मी पोरांना सांगते, आधी निरीक्षण, मग निदान. स्वतःवर आलं तेव्हा आधी राग, मग निदान.

तुम्ही तुमच्या परीने केलंत. बंद पडलेला संगणक भिंतीपासून ओढायचात, मागच्या सगळ्या वायरी काढायच्या, झाकण खोलायचं, कार्ड उपसून त्याच्या पितळी दातांवर खोडरबर घासायचं, फुंकर मारायची, परत बसवायचं. आणि ते चालायचं, काकाजी. दर वेळी चालायचं. मुली टाळ्या वाजवायच्या. तुम्ही शर्टाला हात पुसत माझ्याकडे पाहायचात आणि मी दुसरीकडे पाहायचे. दुसऱ्या सकाळी तोच संगणक पुन्हा आडवा. तुम्ही म्हणायचात, मळ लवकर बसतो आहे, विहारामागून ट्रॅक्टर जातात, धूळ फार. मी म्हणायचे, धुळीने रोज रात्री कार्ड बिघडत नाही. तुम्ही अड्याळच्या बाजारातून चांगलं खोडरबर आणलंत. ते पाहून तर माझं टाळकंच फिरलं.

त्या रविवारी समितीची बैठक होती. संगणक का चालत नाहीत, असं पुंडलिकभाऊंनी विचारलं. तुम्ही बोलायच्या आधी मी बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले, काकाजींनी कार्डं काढून-घालून, काढून-घालून त्यांच्या खाचा सैल केल्या आहेत, आता ती कधी टेकतात कधी टेकत नाहीत. म्हणाले, हौस चांगली आहे, पण ही टेलिफोनची डबडी नाहीत. नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणतात, मी तर अंगण झाडणाऱ्यालाच वाकडं म्हणाले.



ठराव झाला. संगणकांची दुरुस्ती जाणकार व्यक्तीकडूनच करून घ्यावी, इतर कोणी संगणक उघडू नयेत. 'इतर कोणी' म्हणजे एकच माणूस हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. समितीची सचिव म्हणून ठराव वहीत मी लिहिला. वही फिरत तुमच्याकडे आली तेव्हा तुम्ही चष्मा लावून ठराव सबंध वाचलात आणि खाली सही केलीत. सावकाश, प्रत्येक अक्षर पूर्ण. मग खिशातून अभ्यासिकेची किल्ली काढून पुंडलिकभाऊंसमोर ठेवलीत, सगळ्यांना जयभीम केलंत आणि चपला घातल्यात. मला वाटलं, दोन दिवस रुसतील आणि येतील. तुम्ही आला नाहीत. मी बोलवायलाही गेले नाही. तुमचं घर विहारापासून किती लांब आहे हे इथे लिहायलाही लाज वाटते.

नंतर आपण एकदाच भेटलो, अड्याळच्या बाजारात. तुमच्या पिशवीतून मुळ्याचा पाला बाहेर आला होता. तुम्ही मुलींची चौकशी केलीत, पूजाचा पेपर कसा गेला विचारलंत. मग पिशवी खाली ठेवलीत.

"ज्योत्स्ना, एक इचारू? मी कार्ड खोलतो तवा आधी मागची वायर काढतो. तू कधी नुसती वायर काढून पायली का?"

मी म्हणाले, काकाजी, संगणक बंद केल्यावर वायरीत काय असतं? आवाज मीच चढवला, आजूबाजूच्या बायका वळून पाहू लागल्या.

"लाइन असते," तुम्ही म्हणालात. "टेलिफोन ठेवला तरी तारेत लाइन राह्यतेच. म्हून तं घंटी वाजते."

मला घाई आहे, मग बोलू, असं मी म्हणाले. घाई नव्हती. पुढची गाडी तासाभराने होती आणि तो तास मी स्टँडवर एकटीने बसून काढला.

मग नाही झालं. दोन आठवड्यांनी शाळेत असताना फोन आला. मी फळ्यावर लिहीत होते, खडू तसाच हातात धरून बाहेर आले. तुम्ही सकाळी अंगणात खुर्चीवर बसला होता आणि बसल्या बसल्याच गेलात, एवढंच सांगितलं. अंत्ययात्रेत माझ्यापुढे चालणारा एकजण दुसऱ्याला सांगत होता, माणूस मोठा हौशी, विहारातले कॉम्प्युटर बिघडवले बिचाऱ्याने, पण हौस दांडगी. तो प्रेमानेच म्हणत होता, त्याचंच वाईट वाटलं. चाळीस वर्षं तुम्ही लोकांच्या तारा जोडल्यात, आणि मागे राहणार होतं ते हे एक वाक्य. ते वाक्य माझं होतं. आणि तोवर मला ते खरंही वाटत होतं, हे कबूल करते.

चार दिवस अभ्यासिका बंद होती. पाचव्या दिवशी दुपारी तुमच्या घरी तुमच्यासाठी वंदनेचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला होता. आदल्या संध्याकाळी मंडपवाले माइक आणि पंख्यांसाठी अभ्यासिकेतला इन्व्हर्टर काढून तुमच्या अंगणात घेऊन गेले. सकाळी मी सतरंज्या काढायला खोली उघडली तर पूजा आणि दोघी जणी दारात उभ्या. ताई, आज तरी बसू द्या, म्हणाल्या. मी संगणकांच्या वायरी सरळ भिंतीतल्या बोर्डात खोचल्या आणि बटणं दाबली. मनात म्हटलं, बसा, पाहा ती ओळ.

साही संगणकांवर नेट आलं.

मी ड्रायव्हर बदलला नव्हता, कार्ड काढलं नव्हतं, खोडरबर लावलं नव्हतं. त्या रात्री फक्त एकच गोष्ट वेगळी झाली होती: इन्व्हर्टर गेला होता आणि संगणकांना रात्रभर वीज नव्हती. मला बाजार आठवला. तुमचं वाक्य जसंच्या तसं आठवलं, आणि मी तिथेच सतरंजीवर बसले.

मग उठले आणि पहिल्यांदा नीट काम केलं. एका संगणकावर टायपिंगची प्रणाली लावली, पडद्यावरून बंद केली, वायर तशीच ठेवून दुसरी प्रणाली चालू केली. कार्ड ओ देईना. पुन्हा बंद केला, मागची वायर काढली, तीस आकडे मोजले, वायर लावली, चालू केला. नेट आलं. पुन्हा टायपिंग, पुन्हा बंद, वायर तशीच. नाही आलं. वायर काढली. आलं. दुसऱ्या संगणकावर तेच, तिसऱ्यावर तेच. प्रत्येक वेळी पूजाने वहीत लिहून घेतलं. अकरा वाजता शंकेला जागा उरली नव्हती.

झालं होतं ते असं. टायपिंगची प्रणाली बंद होताना कार्डाला पुरतं बंद करत नव्हती, अर्धवट झोपेत ठेवत होती, नेटवरून कोणी उठवलं तर उठावं म्हणून. त्या अर्धवट झोपेतून दुसऱ्या प्रणालीच्या ड्रायव्हरला त्याला उठवता येत नव्हतं. वीज पूर्ण तुटली की कार्ड सगळं विसरून कोरं होई आणि पहिल्या हाकेला ओ देई. तुम्ही रोज मेन ओढत होता तोवर आपल्याला कधी त्रास झाला नाही, तो यामुळे. मी 'बंद करू नये' चा कागद लावला आणि दुखणं सुरू झालं. काखेत कळसा म्हणतात तो हाच, आणि मी वळसा घालत पार वेबसाइटवरच्या जुन्या ड्रायव्हरांपर्यंत जाऊन आले. तुमचं खोडरबर दर वेळी लागू पडलं, कारण खोलायच्या आधी तुम्ही वायर काढत होता. मळाचा काही संबंध नव्हता, हेही सांगून टाकते. तुम्ही गेलात म्हणून त्यात सूट मिळणार नाही.

पण बाजारात तुम्हाला ते कळत आलं होतं. शेवटच्या दोन पावलांवर होता तुम्ही. एका संगणकाची वायर काढून पाहिली असती तर तुमच्या हातून त्याच दिवशी लागला असता शोध. तुम्ही पाहू शकला नाहीत, कारण ठरावावर तुमची सही होती आणि तुम्ही सही पाळणारे होता. काकाजी, याचं मला फार वाईट वाटतं.

दुपारी पुण्यानुमोदनाला भन्तेजींची वंदना झाली, मग लोक एकेक उठून आठवणी सांगू लागले. कोणी पावसात दुरुस्त केलेल्या फोनची सांगितली, कोणी तुमच्या सायकलची. मी उठले. अशा वेळी नेटवर्क कार्डावर बोलायची पद्धत नाही, पण मी बोलले. इन्व्हर्टर, कागद, वायर, सगळं. पुंडलिकभाऊंनी हात वर केला.

"म्हंजे कार्ड खराब नव्हतेच?"

"नव्हते," मी म्हणाले. "काकाजींनी काहीच बिघडवलं नाही. बिघडवलं मी, आणि नाव त्यांचं घेतलं. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली आपण, भाऊ, आणि ठराव लिहिणारी चोरच होती."

मला वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. कोणी तरी म्हणेल, जाऊ दे, झालं गेलं. काकू तुमच्या फोटोपाशी पांढऱ्या लुगड्यात बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे त्यायच्या समोर म्हणाले पायजे होतं," त्या म्हणाल्या.

हो काकू, मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद फाडला. टायपिंगच्या प्रणालीत जाऊन साही ठिकाणी कार्डाला अर्धवट जागं ठेवायची सोय बंद केली. आता वायर न काढताही सकाळी कार्ड ओ देतं, तपासून पाहिलं. म्हणजे ड्रायव्हरमध्ये गडबड आहे हे माझंही थोडं खरं होतं आणि विजेचं तुमचं जास्त खरं होतं. हे तुमच्याशी भांडून ठरवायला मला किती आवडलं असतं. तुम्ही म्हणाला असता, तुझं चार आणे माझं बारा, आणि मी सहा-दहावर आणलं असतं.

मी शेवटच्या संगणकावर होते तेव्हा काकू दारात आल्या. इतक्या वर्षांत काकू त्या खोलीत आल्या नव्हत्या. तुमचा डबा द्यायलाही बाहेरूनच हाक मारायच्या. आत आल्या, सगळीकडे पाहिलं, तुम्ही भिंतीला ठोकलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"सकाळी खोली कोण उघडते आता?"

मी सांगितलं की मीच, सातला, गाडीच्या आधी. काकाजी उघडायचे तशी सहाला नाही जमत, मुली उभ्या राहतात.

"मी उघडीन," काकू म्हणाल्या. "कायी झोप लागत नाई पहाटे. काय काय दाबा लागते थे दाखव मले."

मी दाखवलं. बोर्ड, इन्व्हर्टर, संगणकाचं बटण, मागे कार्डाचा हिरवा दिवा लागला की काम झालं. त्यांनी प्रत्येक गोष्ट दोनदा करून पाहिली. तिसऱ्या संगणकापाशी विचारलं, हा दिवा मिणमिणतो तो का, बाकीचे तसे नाहीत. माझ्या लक्षात नव्हतं आलं. तार सैल होती. मी त्यांच्याकडे पाहत राहिले तर म्हणाल्या, पाहून काय राहिलीस, लाव. आज सात सकाळी झाल्या, त्या एकदाही सहाच्या पुढे गेल्या नाहीत. पूजा सांगते की मुली उशिरा आल्या तर काकू कारण विचारतात, आणि कारण पटलं नाही तर मागच्या खुर्चीवर बसवतात. तुम्ही कधी कोणाला मागे बसवलं नाहीत. अभ्यासिका सुधारते आहे, काकाजी.

काल रविवारी समिती बसली. जुना ठराव रद्द करायचा नवा ठराव मी लिहायला घेतला. पुंडलिकभाऊ भले माणूस, म्हणाले, गैरसमजातून झालं असं लिही. मी म्हणाले, गैरसमज कोणाचा ते लिहावं लागेल, आणि तो माझा होता, तर माझं नाव घालते. घातलं. मग लिहिलं की संगणकांत झालेल्या बिघाडाशी काकाजींचा काहीही संबंध नव्हता, बिघाडाचं खरं कारण त्यांनीच आधी ओळखलं होतं. वही फिरू लागली. तुमच्या जागी समितीत आता काकू आहेत. त्यांनी वही मांडीवर घेतली, बोट ठेवून सगळं वाचलं, एकदा आणि पुन्हा एकदा. सही केली नाही. वही माझ्याकडे परत सरकवली.

"गावात काकाजी धा आहेत," त्या म्हणाल्या. "त्यायचं नाव लिही. पुरं."

मी 'काकाजी' वर रेघ मारली आणि वरच्या जागेत लिहिलं, सावकाश, प्रत्येक अक्षर पूर्ण: देवराव तुळशीराम रामटेके. मग काकूंनी सही केली.